कोरडी माती

"लुगडं सोड!" मी ओरडले. सून दोन्ही हातांनी पदर धरून उभी. कमरेखाली पिवळट तेलकट पाणी निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती.

"आत्याबाई, समदे पाहून राह्यले."

"पाहू दे. मेल्यावर बी पाहतीलच."

पांढरकवड्याच्या अलीकडे हायवेच्या वळणावर टँकर उलटला होता. टँकर उलटला की आमच्याकडे लोक आधी डबे घेऊन धावतात. मागे एकदा खायचं तेल मिळालं होतं, तेच डोक्यात. सून आणि माझी शेजारीण दोघी नालीत उतरल्या. सून घसरून त्यातच बसली. शेजारीण गुडघ्यापर्यंत भिजली. वास फवारणीच्या औषधाचा होता. तो नाकात गेल्यावर बाकीचे पळाले.

शेजारीण आणि मी तीस वर्षं नाल्याच्या काठची पांढरी माती खणत आलो. वाळवायची, चाळायची, पोत्यात भरायची आणि वळणावर बसून विकायची. बाया ती पाण्यात कालवून भिंती पोतारतात. पोती तिथंच होती, दहा पावलांवर.

एका वर्षी फवारणीच्या दिवसांत दवाखान्याची नर्स शाळेत आली होती. अंगावर औषध सांडलं तर आधी कपडे काढा, मग कोरडी माती टाकून टिपून घ्या, चोळू नका, शेवटी साबणानं धुवा आणि दवाखाना गाठा, असं तिनं सांगितलं होतं. आम्ही मागं बसून हसत होतो. माती विकणाऱ्यांना माती शिकवायला आली म्हणून.

सुनेची गाठ सुटेना. मी पोती कापायच्या विळ्यानं लुगडं कापलं. एका ट्रकवाल्यानं "अम्मा, ये लो" म्हणत आपली लुंगी फेकली आणि तोंड फिरवलं. मी पोतं उलटं केलं. माती अंगावर पडली की पिवळी पडायची. पोत्याच्या तुकड्यानं ती टिपून काढायची, तुकडा फेकायचा, पुन्हा नवी माती. सून थरथरत होती. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

तेवढ्यात शेजारणीनं दुसऱ्या पोत्यात पाणी ओतलं.

"अवं, कोरडी टाकून राह्यली का? भिंतीले तरी लागते का कोरडी?"

"पाणी नोको टाकू! लुगडं काढ आधी!"

"म्हातारपणी नागवी होऊ का रस्त्यात? मी पोतारून घेतो सोताले. दिवाई आली म्हनू." ती हसली. भिजल्या लुगड्यावरूनच पायांना गारा थापला. "थंड वाटून राह्यलं."

विष लुगड्यात, लुगडं कातडीवर, वरून चिखलाचा लेप. मला ते दिसत होतं. दोन हात होते, दोन्ही सुनेच्या अंगावर होते. मी शेजारणीला शिव्या दिल्या, पण उठले नाही. उठले असते तर सून पडली असती. हे मी नंतर शेजारणीच्या लेकालाही सांगितलं.

हातपंपावर सुनेला डोक्यापासून साबण लावला. मग रस्त्यावर थांबलेल्या एका जीपमध्ये दोघींना घातलं. जीप निघाली तेव्हा शेजारणीलाही लाळ सुटली होती. दवाखान्यात नर्सांनी वाळलेला लेप कापसानं सोलून काढला. खाली पाय लाल.

आता लोक माझ्याकडे विषावरची माती मागायला येतात. लांबून येतात. मी सांगते, ही भिंतीची माती आहे. कोरडी असली तर अंगावरचं पिते, आत गेलेलं काढत नाही. कपडे काढा, दवाखान्यात जा. ते मान हलवतात आणि विचारतात, पाण्यात किती कालवायची. सांगून सांगून जीव थकला.

माझ्या तळहातांची साल निघाली. सून नऊ दिवस दवाखान्यात होती. शेजारीण दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. सून जगली, मी जगले.