पडद्यावर रेघेला जाडी नसते

मावशीचं भरतकामाचं दुकान म्हणजे एक खोली, एक संगणकावर चालणारं मशीन आणि शाळा सुटली की येऊन टपकणारी भाची. तिला सगळे कारटी म्हणत. दिवसभर 'का' रटते म्हणून कारटी, आणि एरवीही कारटीच. घरी तिच्याकडे टॅब होता. बोट फिरवलं की चित्रं हलायची, पण का हलतात ते टॅब मेला सांगेल तर शपथ! दुकानाच्या लॅपटॉपवर मात्र 'पुढे जा, वळ, परत ये' असं लिहायचं, की सुई मुकाट्याने तेच करायची. पोरगी वेडावलीच.

"गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावू देऊ नकोस," तिच्या आईने बजावलं होतं. "काही बिघडलं तर तिचं दुकानात येणं बंद." मावशीने मान डोलावली, आणि आज शाळेच्या संघाच्या कप्तानाच्या जाकिटावर पोरीनेच लॅपटॉपवर रचलेला सूर्य शिवायला लावला. पडद्यावर तो देखणाच दिसत होता. खेळाचे सर स्टुलावर बसून पाय हलवत होते. संघाची बस निघायच्या बेतात होती.

अर्ध्यावर सुईचा आवाज बदलला. टकटक चाललं होतं, त्याचं धप् धप् झालं. सूर्याच्या मध्यावर दोऱ्याचा खडा साठत चालला होता. मावशीचा हात प्लगकडे गेला.

"प्लग नको!" कारटी किंचाळली. "कुठवर शिवलं ते विसरेल ते! नुसतं थांबव!"

मावशीने बटण दाबलं. सर उठून उभे.

"प्रत्येक किरण मध्यापर्यंत जाऊन परत येतोय." पोरीने पडद्यावर बोट ठेवलं. "पडद्यावर रेघेला जाडी नसते गं मावशी. दोऱ्याला असते."

"हे हिने केलंय?" सरांनी विचारलं.

"तिने रचलंय, मी लावलंय. बसा."

सर बसले नाहीत. चौकटीत ताणून बसवलेलं कापड जरा हललं असतं, तर उरलेले किरण भलतीकडेच गेले असते. मावशीने चौकट तशीच उलटी धरली आणि ब्लेडने खडा खालून कापायला घेतला. एक धागा, दुसरा धागा. तिकडे कारटी लॅपटॉपवर उरलेले किरण मध्याच्या अलीकडेच थांबवत होती.

"लाव आता," पोरगी म्हणाली.

सुई चालली. टकटक. किरण पुरे झाले, मध्यभाग मात्र कुरतडल्यासारखा राहिला. सरांनी जाकीट उजेडात धरून पाहिलं.

"चालवून घेतो. पण बाकीची जाकिटं या पोरीच्या हाती द्यायची नाहीत."

बस परत आल्यावर बाकीच्या सगळ्या संघाची जाकिटं व्हायची होती. मावशीने ब्लेड खाली ठेवलं.

"मग दुसरं दुकान बघा, सर."

दार आपटलं.

"मावशी, गिऱ्हाईक गेलं."

"मला दिसतं. तुझ्या आईला काय सांगायचं ते मी बघते. तू त्या चिंध्या घे इकडे. यापुढे आधी चिंधीवर चालवायचं, मग लोकांच्या पाठीवर. कळलं?"