शेळ्यांचा रस्तारोको

समुद्रात कुठंतरी वादळ उठलं होतं आणि पालमजवळच्या डोंगरावर सकाळपासून पाऊस कोसळत होता. खाली रस्त्यावर मात्र लख्ख ऊन. मेव्हण्याच्या साखरपुड्याला मी मोटारसायकलवर निघालो होतो. ओढ्यावरच्या पुलाअलीकडं एका म्हातारीच्या शेळ्या रस्ताभर पसरल्या होत्या.

मी हॉर्न वाजवला. म्हातारी काठी आपटून शेळ्यांवर ओरडली. पण एखादी बाजूला झाली की पदरातल्या बाभळीच्या शेंगा टाकून तिला हळूच परत रस्त्यावर आणायची. मागं जीप थांबली, टेम्पो थांबला.

"लय हट्टी जात हाय बघा," ती प्रत्येकाला हात जोडून सांगायची.

मी चिडून गाडी कडेनं काढणार, तेवढ्यात डोंगराकडून घरघर आली. तांबडं पाणी झाडंझुडपं घेऊन पुलावरून धडाधडा गेलं. जीपवाल्याचा हात हॉर्नवरच राहिला.

"मावशी, पूर येतोय हे आधी सांगायचं ना!" मी म्हणालो.

"सांगून कोण ऐकायलंय, बाबा? येडी म्हणून गेला असता. शेळीला मातर समदे थांबतेत."

ती खुदकन हसली. मग पाण्यातून कडब्याच्या पेंढ्या वाहत आल्या, तशी तिनं काठीनं तिकडं दाखवलं.

"आमच्याच हायत. वाडीत ओढ्याला पयलं घर आमचंच."

मी घाईनं विचारलं, "घरात कोण आहे?"

"कुनी न्हाई. समद्या वाडीला वरच्या महादेवाच्या देवळात बसवून आले."

"तुमचं ऐकून ते बरे आले?"

"परसाद हाय म्हणलं."

"आहे का?"

"आता करावा लागंल की!"