गाडी थांबली होती

आमच्या शाळेच्या मैदानावर सिमेंटचा एक जुना रोलर पडून होता. मैदान तयार करणारा ठेकेदार काम संपल्यावर तो तिथेच टाकून गेला होता. जूनमध्ये शाळा उघडली की तापकीर सर नववीचा अख्खा वर्ग बाहेर काढत, रोलरला पुढे एक आणि मागे एक असे दोन दोर बांधत आणि म्हणत, "ओढा." पोरं ओढायची. रोलर ढिम्म. आणखी चारपाच जण लागायचे, चपला घसरायच्या, कुणीतरी तोंडावर आपटायचं, आणि मग तो कुरकुरत निघायचा. चालायला लागला की पोरांना चेव चढायचा. तेवढ्यात सर ओरडायचे, "आता थांबवा!" मागच्या दोराला लटकलेली पोरं टाचा रोवून उलटं ओढायची आणि रोलरमागे फरफटत जायची.

"बघितलं का? उभं हाय त्याला उभंच ऱ्हायचंय. चाललंय त्याला चालतच ऱ्हायचंय. ह्यालाच जडत्व म्हणत्यात. चला, आता पुस्तक उघडा."

मी तेव्हा त्या शाळेत नवीन होते. मराठी शिकवायचे. माझा वर्ग मैदानाकडच्या बाजूला, त्यामुळे कविता बाजूला आणि सगळी मुलं खिडकीला. मी तणतणत बाहेर गेले आणि म्हणाले, "सर, तुमच्यामुळे माझ्या वर्गाचं लक्ष लागत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या मुलांकडे. "मग त्यांनाबी घेऊन या की बाई. जोर कमीच पडतोय." ही आमची पहिली भेट.

तापकीर सर आळंदीच्या अलीकडच्या एका गावचे. घरची शेती होती. शेतात कारखाने आले तसे धाकट्या भावाने, बाळासाहेबांनी, उरलेल्या जमिनीवर गाळे बांधले आणि वर्कशॉपवाल्यांना भाड्याने दिले. सर मात्र बी.एस्सी. करून जवळच्याच चिखलीच्या या शाळेत चिकटले ते चिकटलेच. शाळेतली मुलं कामगारांची. कुणी लातूरचं, कुणी बुलढाण्याचं, कुणी कोकणातलं. सर सगळ्यांशी आपल्या गावच्याच भाषेत बोलायचे. एकदा मुख्याध्यापकांनी त्यांना वर्गात प्रमाण मराठी वापरायला सांगितलं. सरांनी एक दिवस वापरली आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "न्हाई जमायचं. मी पुस्तकासारखा बोलाया लागलो की पोरंबी पुस्तकासारखीच दिसत्यात. मिटलेली."

एका उत्तराचा मात्र त्यांना मनापासून राग यायचा. चेंडू घरंगळत जाऊन थांबला, तर का थांबला? दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, "सर, बळ संपलं." कुणी घरच्या माणसाला नावं ठेवावीत तसा सरांचा चेहरा व्हायचा. "बळ काय डब्यातली भाकरी हाय का, संपायला? चेंडू थांबला न्हाई. त्याला थांबवलं. कुणी थांबवलं ते शोध." मग तो मुलगा जमिनीकडे बघत बसायचा आणि बऱ्याच वेळाने घर्षणापर्यंत पोहोचायचा. सर घाई करायचे नाहीत. तास संपला तरी चालेल, पण उत्तर आपणहून सांगायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

त्यांना एकच मुलगी, माधुरी. डिप्लोमा करून चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली होती. तिला सुट्टी असली की वडिलांचा विसरलेला डबा घेऊन ती शाळेत यायची आणि सगळ्यांदेखत त्यांची खेचायची. "पप्पा, आमच्याकडं रोबो माल उचलतोय आणि तुम्ही अजून पोरांकडून रोलर ओढून घेताय." सर खूश होऊन म्हणायचे, "रोबोला इचार, ओढताना कंबर दुखती का? न्हाई ना? मग त्याला जडत्व काय कळणार?" ती स्कूटरवरून कामाला जायची. निघताना तिच्या हेल्मेटचा पट्टा सर स्वतः ओढून बघायचे. ती वैतागायची, पण उभी राहायची.

मे महिन्यातल्या एका सकाळी ती पहिल्या शिफ्टला निघाली होती. चाकणच्या रस्त्यावर एका सिग्नलला थांबली. मागून पत्र्याची कॉइल लादलेला ट्रेलर येत होता. पत्र्याची ती गुंडाळी म्हणजे टनावारी वजन. ट्रेलरवाल्याने सिग्नल पाहून ब्रेक लावला, आणि ट्रेलर तिच्या मागे हातभर अंतरावर थांबलाही. पण कॉइलला बांधलेल्या साखळ्या तुटल्या. कॉइल केबिनची डावी बाजू चिरडत पुढे आली आणि खाली पडली. माधुरी तिच्या खाली सापडली. हेल्मेट होतं. त्याला तडासुद्धा गेला नव्हता.

अंत्यविधी झाला आणि दुसऱ्या दिवशी सर कुणालाही न सांगता त्या सिग्नलला जाऊन आले. फिर्याद द्यायला त्यांना चौकीत घेऊन गेलो ते मी आणि माझे मिस्टर. बाळासाहेब आधीच येऊन थांबले होते. त्या माणसाचे डोळे रडून सुजले होते. पुतणीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. ते सरांच्या कानाशी लागले, "आण्णा, एवढंच सांग. गाडी भरधाव होती, डायवर प्यालेला होता. बाकीचं मी बघतो. त्याला आयुष्यातनं उठवतो."

सर हवालदारासमोर बसले आणि म्हणाले, "गाडी थांबली होती."

"काय म्हणता सर?"

"रस्त्यावर टायरचे पट्टे हायेत. मी बघून आलोय. त्यानं येळेवर ब्रेक मारला, गाडी थांबली. बांधलेलं सुटलं ते थांबलं न्हाई. साखळ्या कुणी दिल्या ते इचारा. मालक कोण हाय ते लिहा."

"मालकाचं नंतर बघू सर. आधी ड्रायव्हर."

ड्रायव्हर तिथेच, भिंतीकडच्या बाकावर होता. बीडकडचा माणूस, डोक्याला पट्टी, हात जोडलेले. ते हात त्याने आम्ही आलो तेव्हापासून सोडलेच नव्हते. सर उठून त्याच्यासमोर उभे राहिले. "साखळ्या कशा होत्या?"

"जुन्या होत्या साहेब. म्या नव्या मागितल्या होत्या. मालक म्हणले, आजच्या दिवस ने." एवढं बोलून तो हुंदके द्यायला लागला.

 सर खाली बसले, आणि बसायला जागा होती ती त्या बाकावरच. मुलीचा बाप आणि तो ड्रायव्हर एका बाकावर शेजारी शेजारी. बाळासाहेबांनी ते पाहिलं आणि तडक निघून गेले. त्या दिवसापासून त्या भावांचं येणं-जाणं संपलं.

आम्ही घरी पोहोचलो त्याआधीच बातमी पोहोचली होती. सरांच्या पत्नी, शालनवहिनी, दारात उभ्या होत्या.

"माझ्या लेकीला मारलं त्याच्या शेजारी बसला तुमी?"

"तो थांबला होता गं."

"मग माझी पोर कशी गेली?"

सर सांगायला लागले. "कॉइल बांधलेली न्हवती धड. गाडी थांबली तरी तिला जडत्व..." तो शब्द त्यांच्या तोंडून अर्धाच निघाला. वहिनी म्हणाल्या, "मला धडा नका शिकवू," आणि आत गेल्या. पुढे त्या घरात स्वयंपाक झाला, पाहुणे आले गेले, सणही कसेबसे झाले. पण त्या सकाळबद्दल नवराबायको एकमेकांशी परत कधी बोलले नाहीत.

जून आला. नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा. मुख्याध्यापकांनी हळूच सुचवलं की तेवढा धडा दुसरं कुणी घेईल. सर म्हणाले, "पोरांना मीच हाय नववीला." त्या वर्षी रोलर जागचा हलला नाही. माझा वर्ग शेजारीच, मधली भिंत पातळ. मला सगळं ऐकू येत होतं. सरांनी विचारलं, "बस एकदम थांबली की आपण पुढं का जातो?" कुणी बोललं नाही. दरवर्षी ह्या प्रश्नाला वर्गात नुसता कालवा असायचा. "तुमाला येतंय. बोला की." तरी कुणी नाही. सगळ्या मुलांना ठाऊक होतं काय घडलंय ते. मग एक मुलगी रडायला लागली, आणि खडू अजून एकदाही वाजला नव्हता त्या फळ्यावर डस्टर फिरवल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. नंतर सरांनी धडा शिकवला. सावकाश, शब्द न शब्द, शुद्ध पुस्तकी मराठीत. मी माझ्या वर्गाला लिहायला काहीतरी दिलं आणि खुर्चीत बसून राहिले.

खटल्याच्या तारखा पडत गेल्या. ड्रायव्हर जामिनावर सुटला. ट्रेलरच्या मालकाचं नाव कागदावर आलं नाही ते नाहीच. तुटलेल्या साखळ्या कुठे आहेत, हे विचारायला सर कितीतरी वेळा चौकीत गेले. आधी वरच्या साहेबांना माहीत असेल म्हणाले, मग साहेब बदलले, आणि शेवटी साखळ्या सापडत नाहीत असं सांगितलं गेलं. रविवारी सर चाकण रस्त्याच्या कडेला ट्रेलर उभे राहतात तिथे जायचे. मिस्टरांना ते तिथे दिसत. चालकांना चहा पाजायचे आणि मालाला बांधलेल्या साखळ्यांना हात लावून बघायचे. काही चालक ओळखायला लागले होते. काही हसायचे. एकजण म्हणाला, "सर, आमाला बी कळतंय. पण न्हाई नेला माल तर दुसरा नेतोय." सर पुढच्या रविवारी परत गेले.

निवृत्त झाल्यावर ते फार जगले नाहीत. एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. बाळासाहेब आले, पुढे होऊन सगळं केलं, पण भावाच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही.

दिवस झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेले. त्या ओट्यापाशी उभ्या राहून भाजी निवडत होत्या. मी म्हणाले, "वहिनी, सरांसारखा खरा माणूस मी दुसरा पाहिला नाही." मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

"खरं बोलले ते," त्या म्हणाल्या. "मला काय कळत न्हवतं व्हय? गाडी थांबली होती, त्या गरिबाचा काय दोष न्हवता. सगळं कळत होतं. पर बाई, ह्या घरात माझ्याजवळ बसून एकदा त्यांनी त्याला शिव्या द्यायच्या होत्या. खोट्या. नुसत्या माझ्यासाठी."

 वहिनींनी निवडलेली भाजी धुवायला घेतली, आणि मी नळ सोडला.