उपास की उपाशी

हे मला रागातच लिहावं लागतंय. शांतपणे सांगायला गेलो की मी अडखळतो.

बाबा बिबवेवाडीतल्या एका शाळेची बस चालवतात. यंदा ते कायम होणार होते; फक्त डॉक्टरांची ‘फिट’ म्हणून सही हवी होती. सदाशिव पेठेतल्या दवाखान्यातून फोन आला, “रक्त द्यायला उपास करून या.” आम्ही वऱ्हाडातले. उपास म्हटलं की आमच्या घरी साबुदाण्याची खिचडी. आईने सकाळी तुपात परतून, दाण्याचं कूट सढळ हाताने घालून करून दिली. बाबा पोटभर खाऊन गेले.

रिपोर्ट घ्यायला मी सोबत होतो.

“हे रक्त आहे की ताक? चरबीने पांढरं झालंय,” डॉक्टर म्हणाले. “रोज किती घेता?”

“काय जी?”

“दारू हो. दूध नाही विचारत.”

बाबांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. ते खाली बघत राहिले.

“सकाळी काही खाल्लं होतं?”

“नाही जी. उपास होता न.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आहारशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. म्हणालो, “सर, ते... खिचडी खाऊन आले होते. तूप असो की दाण्यातलं तेल, खाल्ल्यावर काही तास रक्तातली चरबी वाढतेच.”

“वा! मग या, माझ्या खुर्चीत तुम्हीच बसा.” मग बाबांकडे वळून, “परवा या. उपाशी. फक्त पाणी. आणि ते तूप बंद.”

दुसरा रिपोर्ट व्यवस्थित आला.

“बघा, दोन दिवस तूप सोडलं तर केवढा फरक!”

कसला फरक? तूप खाता की तेल, याचा कोलेस्टेरॉलवर परिणाम दिसायला आठवडे लागतात. हा फरक रिकाम्या पोटाचा होता. मी तोंड उघडलं, तोच बाबांनी टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं. सही अजून व्हायची होती.

“हो जी. तुमच्यामुळंच,” ते म्हणाले.

सही झाली.

जिन्यात मी म्हणालो, “बाबा, त्यांनी तुम्हाला दारुडा ठरवलं. चूक त्यांची होती.”

“सही झाली न? मंग!”

रस्त्यावर येताच त्यांनी आईला फोन लावला. “डॉक्टर मोठा हुशार हाये. आजपासून तूप बंद कर.”

मी भराभर पुढे निघालो. शेजारी चाललो असतो तर त्यांच्यावरच ओरडलो असतो.