बाळाच्या मुठीतला पक्षी

नॉटिंगहॅमच्या एका ऑक्शन हाउसमध्ये मी जुनी चित्रं साफ करायचे. एकदा एक आजी घरातलं चित्र विकायला घेऊन आल्या. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या लाकडी फळीवर मेरी होती आणि तिच्या मांडीवर बाळ येशू. बाळाची मूठ मात्र कुणीतरी नंतर तपकिरी रंगाने झाकली होती.

"याखाली काहीतरी आहे. रंग काढू का?" मी विचारलं.

"बिघडलं तर?" आजींनी त्या तपकिरी डागावरून बोट फिरवलं. "काढच तू."

रंग विरघळवणाऱ्या द्रावणात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने मी तो रंग हळूहळू उतरवला. मुठीत लाल तोंडाचा चिमुकला पक्षी निघाला! येशूला पुढे सोसाव्या लागणाऱ्या दुःखाची खूण म्हणून जुने चित्रकार तो काढत. आजींना रडूच आलं. पुढे लिलावात ते चित्र शहराच्या म्युझियमने घेतलं, तेव्हा आम्ही दोघी उभ्या राहून चक्क ओरडलो.