पहिल्याच मॅचला बुढी हरवली

माझं आणि बुढीचं शेवटचं भांडण सुपारीवरून झालं, आणि त्यातही मीच हरलो.

जेवणं झाली होती. बुढी (म्हणजे माझी बायको; केस पिकले तेव्हापासून मी तिला बुढीच म्हणायचो, ती मला काय म्हणायची ते इथं लिहिता येत नाही) ओसरीवर पानसुपारीची चंची सोडून बसली. अडकित्त्यानं सुपारी फोडली. अर्धी माझ्या हातावर, अर्धी तिच्या तोंडात. रोजचंच.

"जाड कातरली," मी म्हटलं.

"सुपारी जाड नाई. तुमचे दात गेले. तिले काऊन बोलता?"

"तुले बारीक कातरता येतच नाई."

"मंग उद्यापासून तुमीच कातरजा!"

दुसऱ्या दिवशी छातीत दुखतं म्हणाली. सावंगीच्या दवाखान्यात नेली. तिथून बोलती परत आली नाही. आजवर एकही भांडण तिनं अर्धं सोडलं नव्हतं, आणि हे सोडून गेली! मला अजून राग आहे. तेरवी झाली, लोक रडून, जेवून, वरणात मीठ कमी होतं असं सांगून गेले. राग तिथंच. चंची मी घेतली. तिच्यात अडकित्ता होता आणि एकच अख्खी सुपारी उरली होती. नातवंडांनाही हात लावू दिला नाही.

आता फुटबॉलचं सांगतो.

आर्वीला बंडूशेठ म्हणून एक जिनिंगवाला आहे. जन्मभर कापसाच्या गाठी दाबून कंटाळला असावा, म्हणून त्यानं फुटबॉल क्लब काढला. नाव 'पांढरं सोनं एफ.सी.'. बनियनवर छातीला कापसाचं बोंड. (एफ.सी. म्हणजे काय ते मला विचारू नका, मी चौथी नापास आहे.) गावातली पोरं चेंडू लाथाडतात तसं नाही, हे पगारी! बॉलमागे पळायचा दरमहा पगार! मी जन्मभर बैलामागे पळालो, मला कोणी चहा पाजला नाही.

माझा पोरगा सुधाकर शाळेतली ड्रिलमास्तरकी सोडून त्यांचा मॅनेजर झाला आणि ग्राउंडसाठी आमचं रोहणा गावातलं रस्त्याकडचं वावर मागायला आला. मी सरळ नाही म्हटलं. पण बुढी मधे पडली.

"देऊन टाका. एवढे मोठे पोट्टे पगारावर कसे पळतेत, मले पाह्यचं हाय. पह्यल्या मॅचले मी निंबाखाली खुर्ची टाकून बसन."

म्हणून दिलं. पहिल्या मॅचच्या दिवशी निंबाखाली खुर्ची आली. बुढी नव्हती.

मॅचच्या आधी ग्राउंडची पूजा होती. मी धुतलेलं धोतर नेसून पाटावर बसलो, तर महाराज म्हणतात, "काका, तुमी नका बसू. पूजेले जोडी लागते. सुधाकर अन् सूनबाई बसतीन."

"वावर माझं, अन् जोडी काऊन दुसऱ्याची?"

"तसं नाई काका, शास्त्र हाय ते..."

"शास्त्राले म्हणा, सातबारा दाखव!"

मांडवातली सगळी डोकी माझ्याकडं वळली. सुधाकर माझ्या कानाशी आला. "बाबा, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. पाह्यलेच तं आले हाय."

महाराजांना घाम फुटला. म्हणाले, "एक उपाय हाय. बायको नसली तं सुपारी कमरेले खोसून बसता येते. सुपारीच बायको समजाची." आणि पिशवीत सुपारी शोधू लागले.

"राहू द्या," मी म्हटलं. "माझी मी घरून आणली हाय."

चंचीतली सुपारी काढून धोतराच्या कनवटीला खोसली.

"नाव सांगा."

"शांता."

लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आजच. (ज्यानं हिचं नाव शांता ठेवलं, त्याला मला एकदा भेटायचं होतं.)

पूजा उरकली. महाराज म्हणाले, "आता सुपारी पाण्यात सोडून द्या."

"एकदा सोडली तिले पाण्यात. दुसऱ्यांदा नाई. अन् तिले मॅच पाह्यची हाय."

महाराज पिशवी आवरू लागले.

मॅच सुरू झाली. निंबाखाली बुढीच्या खुर्चीवर मी, कमरेला बुढी, शेजारी बंडूशेठ. समोर नागपूरची टीम. आणि आमच्या गोलात एक लंबू उभा. दूरच्या मुलखातून विमानात बसवून आणला म्हणे! तो हिंदी बोलतो, मी वऱ्हाडीत बोलतो, पण शिव्या त्याला बरोबर समजतात. पहिला बॉल आला, हा उजवीकडे पडला. बॉल डावीकडून गेला.

"अबे, बॉल तिकडं अन् तू इकडं काय वेचून राह्यला बे? कापूस?"

दुसरा बॉल आला, त्याच्या हातात आला आणि हातातून निसटला. माझं रक्त उकळलं. वावरात डुक्कर शिरलं तर आमचं लंगडं कुत्रंसुद्धा याच्यापेक्षा जोरात धावतं! शेजारी बंडूशेठ काहीतरी पुटपुटत होता, डॉक्टरनं तंबाखूचा खर्रा बंद केला, तोंड कोरडं पडतं, असं काहीतरी. मी कशाला लक्ष देतो! माझे डोळे लंबूवर, तोंड लंबूवर. हात काय करत होते ते हातांना माहीत.

तिसरा गोल झाला तसा मी उठलो आणि रागानं कमरेवर हात मारला.

कनवट रिकामी!

खुर्चीखाली पाहिलं. चपलेत पाहिलं. धोतर झटकलं. (लोकांनी माना फिरवल्या, बरं झालं.)

"बुढी गेली! माझी बुढी हरवली!"

लाऊडस्पीकरवर नाना होता. नाना गावातल्या लग्नात वरात कुठं पोचली ते सांगतो, त्याला काहीही सांगायची सवय; बुढी वारल्याचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्यानं लगेच सुरू केलं, "ऐका, ऐका! एक वयस्कर बाई हरवल्या हाय. नाव शांताबाई. कोणाले दिसल्या तं मांडवात आणून सोडावं!"

सगळं ग्राउंड मागं वळून पाहू लागलं. नाना माईक घेऊन धावत माझ्याकडं आला.

"काका, लुगडं कोणत्या रंगाचं होतं?"

"लुगडं कायचं? सुपारी हाय ते!"

नाना गांगरला, पण माईक बंद करायचं त्याला सुचलं नाही. "काकू... सुपारी हाय?"

"सकाळपासून!"

सुधाकर मैदानातून पळत आला. मी म्हटलं, "सुपारी सापडल्याशिवाय मॅच होणार नाई. वावर माझं हाय!" रेफरीनं शिट्टी वाजवली. त्यालाही सातबारा कळत असावा. मग काय, पांढरं सोनं एफ.सी. आणि नागपूरची टीम, दोन्ही मिळून गुडघ्यावर बसून गवत चाचपू लागले. पगारावर! लंबू सगळ्यांत आधी हात वर करून आला. मुठीत काहीतरी गोल, काळं.

"अंकल, ये है क्या?"

शेळीची लेंडी होती.

"हे माझी बायको दिसते का बे तुले?"

हे सगळं माईकवरून रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. रस्त्यावर एसटी थांबली होती, तिच्यातले लोक खिडकीतून डोकी काढून पाहत होते.

आणि तेवढ्यात मला बंडूशेठ दिसला. माझ्या शेजारच्या खुर्चीवर, निवांत. गाल हलत होता.

"शेठ. तोंड उघडा."

"काऊन काका?"

"उघडा म्हणतो ना!"

उघडलं. आत सुपारी!

"खाल्ली! यानं माझी बायको खाल्ली!"

माईक चालूच. एसटीतून एक बाई "अगं माय!" म्हणून ओरडली, ते मला ऐकू आलं. मी शेठची कॉलर धरली. जिनिंगचा मालक असेल त्याच्या घरी! लोक धावले. सुधाकरनं मला मागून मिठी घातली.

"सोडा काका!" शेठ कळवळला. "तुमीच तं देल्ली! मी म्हटलं तोंड कोरडं पडलं, तं तुमी अडकित्ता काढला, फोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली!"

"मी? मी माझी बायको तुमाले काऊन देईन?"

"मले काय माईत ते तुमची बायको हाय! अन् देल्ली ते देल्ली, पण किती जाड कातरली काका! मघापासून चघळून राह्यलो, फुटत नाई!"

माझा हात कॉलरवरून खाली आला.

सुधाकर माझ्याकडं पाहत होता. हळूच म्हणाला, "बाबा, तुमी तोंडात काय घोळून राह्यले?"

जिभेनं चाचपलं. गालात होती. उरलेली अर्धी.

(दात नाहीत म्हणून वाचली. असते तर बुढीचा भुगा झाला असता.)

पुढच्या खुर्चीवरची एक पोरगी फस्सकन हसली आणि मग सगळं ग्राउंड हसलं. नागपूरवाले हसले, रेफरी हसला. महाराज तर मांडवाच्या खांबाला धरून हसत होते. मी कोणावर रागवायचं ते शोधत होतो आणि कोणी सापडत नव्हतं. शेठनं तोंडातला तुकडा काढला, रुमालावर ठेवला आणि माझ्यापुढं धरला. त्याचे डोळे ओले झाले होते. कॉलर मी जरा जास्तच आवळली होती.

"घ्या काका. माफ करा."

"ठेवा तुमाले," मी म्हटलं. "तिनं कोणाले देल्लेली सुपारी कधी वापस घेतली नाई."

माझी अर्धी मी चंचीत टाकून घरी आलो. मॅच आम्ही हरलो. रात्री सुनेनं वाढलेलं ताट मी तसंच सरकवलं. मामाजी जेवा, मामाजी जेवा म्हणून ती थकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर बसलो, अडकित्ता काढला आणि ती अर्धी सुपारी बारीक कातरायला घेतली. अंगठा कापला. तुकडे झाले ते रस्त्यावरच्या खडीएवढे जाड. त्यातला एक गालात धरला आणि ग्राउंडवर गेलो. पोट्टे सरावाला आले होते. नाना खुर्च्या उचलत होता.

"काका, आज काकू नाई आल्या?"

"आल्या. तोंडात हाय. म्हणून आज मी बोलणार नाई."

निंबाखाली बसलो. तोंड मिटून. पहिला बॉल आला, लंबू उजवीकडे पडला, बॉल डावीकडून गेला. मी गप्प. दुसरा बॉल सरळ त्याच्या दोन पायांच्या मधून गेला.

"अबे ए! पाय हाय का बैलगाडीचा रस्ता?"

आणि बुढी तोंडातून उडाली ती थेट मैदानात.

लंबूनं पाहिलं. बिचारा गुडघ्यावर बसला आणि गवत चाचपू लागला.

"राहू दे बाबू," मी म्हटलं. "तिले तिथंच बसू दे. तुमचा खेळ तिलेच समजते. मले निस्तं ओरडता येते."