वहीतला तिसरा रकाना

माझे दोन भाचे, सख्खे भाऊ. एक इंग्लंडात, दुसरा आयर्लंडात, मध्ये थोडेसे पाणी. त्यांचा बाप पोर्तुगीज अमदानीत जन्मलेला. त्याच्या जन्मदाखल्यावर दोघांनी पोर्तुगालचा पासपोर्ट काढला आणि पोर्तुगालात चार दिवससुद्धा न राहता पुढे सटकले. त्यांची आई म्हणजे माझी थोरली बहीण. भावोजी गेल्यापासून ती हळर्णला एकटी राहते. मी पेडण्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून, आणि दर रविवारी संध्याकाळी तिच्या ओटीवरच्या लाकडी कदेलीत बसून तिच्या दोन्ही मुलांशी एकाच वेळी बोलायला फोन धरणारा माणूस.

फोन धरता धरता मी पंच कसा झालो ते सांगतो. एका रविवारी इंग्लंडवाला म्हणाला, "मामा, हय डॉक्टराक एक पैसो लागना नाय." लगेच आयर्लंडवाला, "लागना नाय खरा. पण नंबर लागासर माणूस आपणच बरो होता. नायतर होना नाय."

माझ्या अंगात नारद संचारला. पुढच्या रविवारी मी कचेरीतली एक कोरी वही घेऊन गेलो आणि तीन रकाने आखले. इंग्लंड, आयर्लंड, आणि तिसरा 'आपण'. तिसरा रिकामाच राहायचा, कारण आपल्या सरकारी इस्पितळाचे नाव काढले की दोघेही हसायचे आणि तेवढ्यापुरते भाऊ व्हायचे.

चार-पाच महिने हा सामना चालला. डॉक्टरची फी इंग्लंडात नाही, आयर्लंडात बहुतेकांना आहे. ऑपरेशनची रांग दोन्हीकडे मारुतीच्या शेपटीएवढी. मग मी भरपगारी रजेची ओळ आखली, आणि खरी रंगत आली. इंग्लंडवाला म्हणाला, "वर्साक पाच आठवड्यांच्या वर, मामा. आणि मॅनेजर सोन्यासारखो. मागली की दिली." आयर्लंडवाल्याने हुकमाचे पान टाकले. "आमच्याकडे घरातला कोण अचानक आजारी पडला, तर भरपगारी सुट्टी. कायदो आसा, कायदो." मी ते लाल शाईने लिहिले.

ताई आत चहा करत असायची. पूर्वी ती दोन्ही कप एका ताटात घालून आणायची. आता एकेक आणायची, उजव्या हाताने. धुतलेले कपडे दोरीवर टाकण्याऐवजी कमरेएवढ्या कुंपणावर वाळत घालायची. हे मला दिसत होते. एकदा विचारलेही. "दोरी तुटली," ती म्हणाली. दोरी माझ्या डोक्यावरच होती, धडधाकट. मी वहीत तोंड घातले.

मग एका रविवारी ती दारात येऊन म्हणाली, "आणि थय बायकांच्या गाठी-बिठीचा काय करतत रे?"

दोघांनी एकदम तोंड उघडले. इंग्लंडवाला म्हणाला, संशय आला की रांगेतून बाहेर काढून आधी तिलाच बघतात. आयर्लंडवाला म्हणाला, आमच्याकडे संशय यायची वाटच बघत नाहीत, तपासणीला या म्हणून पत्र घरी येते. मी 'गाठ' अशी नवी ओळ आखली आणि दोघांना पैकीच्या पैकी गुण दिले. कुणाची गाठ, हे तिघांपैकी एकानेही विचारले नाही. ताई थोडा वेळ चौकटीला टेकून उभी राहिली. मग "उंडे गार होतले," म्हणत पाव आणायला आत गेली.

तीन आठवड्यांनी तिने तांदळाच्या डब्याखालून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. ती एकटीच बस पकडून मोठ्या सरकारी इस्पितळात जाऊन आली होती, दोनदा. शेजारच्या राज्यातून पहाटे निघून आलेल्या बायकांबरोबर बाकावर बसली होती. त्यांनी काखेतली गाठ तपासली, तुकडा काढून पाठवला, आणि आता ऑपरेशनची तारीख दिली होती.

"पैसे घेवक नाय," ती म्हणाली. "लिही तुझ्या वहीत."

मी लिहिले नाही. कागदावर खाली एक ओळ होती: सोबत जवळचे माणूस हवे.

त्या रविवारी मी दोघांना सांगितले. ताई आत होती. मी वही उघडली आणि रजेची ओळ लाल शाईसकट वाचून दाखवली. वहीत लिहिले म्हणजे ते खरे, अशी माझी कारकुनी समजूत.

"रजा आसा मामा," इंग्लंडवाला म्हणाला, "पण ती आधीच बुक करूक लागता. आणि तो मॅनेजर गेलो. आताचो बरो नाय."

"कायदो आसा," आयर्लंडवाला म्हणाला, "पण तीन दिवसांचो. येवक-जावकच तीन दिवस जातले. त्येका सांगा, त्येची रजा जास्त."

"मी कित्याक? कायदो त्येका आसा."

पाच महिन्यांत पहिल्यांदाच प्रत्येक जण दुसऱ्याच्या देशाची तारीफ करत होता. फोनचा आवाज पूर्ण मोठा होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. ताई बाहेर आली, तिने माझ्या हातातला फोन घेतला आणि "जेवलास रे दोघांनी?" एवढेच विचारून बंद केला.

मग समोर बसली. "तिसऱ्या रकान्यात काय आसा?"

"काय नाय."

"तुझी रजा किती आसा?"

नागाने ठेव राखावी तशी मी वर्षानुवर्षे रजा राखली होती. निवृत्तीच्या दिवशी तिचे पैसे होतात, म्हणून. माझ्या तोंडून निघाले, "आसा, पण मार्चचा काम..."

"रे," ताई म्हणाली, "तू पण थयसूनच बोलतस काय?"

सोमवारी अर्ज लिहिला. कारण: थोरल्या बहिणीचे आजारपण. साहेबांनी तो वाचला, मग कपाटातून माझी फाइल काढली आणि माझ्याकडे फिरवली. आत माझेच जुने अर्ज होते. शिरगावच्या जत्रेला एकदा, चवथीला एकदा, नार्व्याला देवदर्शनाला मित्रांबरोबर गेलो तेव्हा एकदा. तीन अर्ज, हेच हस्ताक्षर, हेच वाक्य. राखलेल्या रजेला हात न लावता किरकोळ रजेचे दोन-दोन दिवस मिळवायचे, तर कुणाला तरी आजारी पाडावे लागते. मी ताईला पाडले होते, कारण तिची प्रकृती ठणठणीत होती.

"ह्यावेळी कुठली जत्रा हो?" साहेबांनी विचारले.

मी इस्पितळाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असे लहानपणी ताईच मला सांगायची. कचेरीलाही वास्तू असते, आणि ती लिहिलेलेही वाचते, हे मला सुचले नव्हते.

साहेबांनी सही केली. मग त्यांचे बोट शेवटच्या ओळीवर थांबले: कामावर परत रुजू होण्याची तारीख.

"ही राहिली."

ती जागा मी दर वेळी सगळ्यात आधी भरायचो. पेन उघडून मी उभा राहिलो. पंख्याने कागदाचा कोपरा दोनदा उचलला, मी दोनदा दाबला.

"असू दे," साहेब म्हणाले, आणि अर्ज माझ्या हाताखालून हळूच काढून घेतला.